वाचकांचे प्रश्न : खरा ब्राउझर, खोटा सर्व्हर

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांमध्ये एक विषय पुन्हापुन्हा डोकावला : वेब अॅप्लिकेशनच्या ब्राउझर टेस्ट लिहिताना एपीआयची (म्हणजे पान ज्याच्याकडे डेटा मागतं त्या सर्व्हरची) उत्तरं मॉक करणं, म्हणजे खऱ्या उत्तरांऐवजी आपण ठरवलेली खोटी उत्तरं पानाला देणं. उत्तरांतली उदाहरणं प्लेराइट या ब्राउझर टेस्टच्या साधनाची आहेत. सायप्रस (असंच दुसरं साधन) किंवा एमएसडब्ल्यू (मॉक करण्याची लायब्ररी) यांचा संबंध येतो तिथे तसं म्हटलं आहे. फंक्शनांची नावं देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

आमचं हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्स भरण्याचं पोर्टल आहे. ब्राउझर टेस्ट स्टेजिंग सर्व्हरवर, म्हणजे रिलीजआधीच्या तालमीच्या सर्व्हरवर, चालतात. तिथला डेटा कोणीतरी बदलतं, नाहीतर सर्व्हरच बंद असतो, आणि सकाळी पाहावं तर ढीगभर टेस्ट लाल. मॅनेजर म्हणतात, सगळं मॉक करून टाका. करावं का? — ऐरोली

सगळं नको, पण बरंचसं करा. मॉक टेस्ट एकाच गोष्टीची साक्ष देते : सर्व्हरने अमुक उत्तर दिलं तर पडदा बरोबर वागतो. सर्व्हर ते उत्तर खरंच देतो की नाही, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. हे मनात पक्कं असेल तर काय मॉक करायचं आणि काय नाही, हे ठरवायला वेळ लागत नाही.

थकबाकी शून्य असलेला फ्लॅट, तीन वर्षं बिल न भरलेला फ्लॅट, एकाही बिलाची नोंद नसलेला नवा सभासद, सेशन संपल्यावर येणारा ४०१ हा एरर कोड, सर्व्हर कोलमडल्यावरचा ५०३. या अवस्था स्टेजिंगवर मुद्दाम उभ्या करायच्या म्हटलं तर दिवस जातो, मॉकमध्ये मात्र एकेका फाइलीचं काम असतं. म्हणून या सगळ्या मॉकवर न्या आणि प्रत्येक मर्जच्या (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या) आधी चालवा. लॉगिन करणं, बिल उघडणं, पैसे भरल्यावर पावती दिसणं, असे पाच-दहा मुख्य मार्ग मात्र खऱ्या स्टेजिंगवरच ठेवा. ते रात्री चालू द्या. लाल झाले तर कोणीतरी सकाळी बघेल, पण त्यापायी कोणाचा मर्ज अडकायला नको.

बसवायचं कसं? ‘फिक्स्चर्स’ नावाचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक अवस्थेची एक छोटी फाइल ठेवा : बिल-थकीत, बिल-शून्य, बिल-रिकामं. टेस्टमध्ये पेज.राउट ला (हे फंक्शन रिक्वेस्ट वाटेत अडवतं) पत्त्याचा नमुना आणि हँडलर, म्हणजे अडवलेल्या रिक्वेस्टचं काय करायचं ते सांगणारं फंक्शन, द्या. हँडलरने राउट.फुलफिल बोलावून स्टेटस २०० आणि त्या फाइलीतला जेसन परत करायचा. त्यानंतर पेज.गोटू, म्हणजे पान उघडणं. हा क्रम उलटा झाला तर पान उघडताक्षणी सुटलेल्या रिक्वेस्ट तुमचा सापळा लागायच्या आत निघून गेलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करून टाका. सगळ्यात आधी ‘एपीआय’खालच्या प्रत्येक पत्त्यासाठी एक सरसकट राउट लावा. त्याच्या हँडलरने रिक्वेस्टचा पत्ता एका यादीत टिपायचा आणि राउट.अबॉर्ट करून ती तोडायची. टेस्टच्या शेवटी ती यादी रिकामी आहे, एवढं तपासा. मॉक न केलेली एखादी रिक्वेस्ट स्टेजिंगकडे गुपचूप पळत असेल तर ती इथे सापडते. प्लेराइटमध्ये एका पत्त्याला दोन राउट लागू पडले तर नंतर नोंदवलेला आधी चालतो, म्हणून हे जाळं पहिलं आणि नेमके मॉक त्याच्यानंतर. उलट केलंत तर सगळंच अबॉर्ट होतं आणि पान कोरं दिसतं.

पान कोरं दिसण्याचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते चटकन लक्षात येत नाही. वीट या बिल्ड साधनाच्या डेव्ह सर्व्हरवर टेस्ट चालवत असाल आणि तुमच्या सोर्स कोडमध्येही ‘एपीआय’ नावाचा फोल्डर असेल, तर ढोबळ नमुन्यात ती जावास्क्रिप्टची फाइलच अडकते. सर्व्हरचं नाव किंवा पोर्ट नमुन्यात घाला, किंवा बिल्ड करून त्याच्यावर टेस्ट चालवा.

राउट लावला आहे, क्रमही बरोबर आहे, तरी रिक्वेस्ट खऱ्या सर्व्हरकडेच जाते. दोन दिवस गेले यात. — वागळे इस्टेट, ठाणे

कारणं ठरलेली आहेत, एकेक करून तपासा.

आधी नमुना बघा. ग्लोबमधला (म्हणजे तारे घालून लिहिलेल्या पत्त्याच्या नमुन्यातला) एकेरी तारा तिरक्या रेघेपाशी थांबतो, दुहेरी तारा रेघ ओलांडतो. ‘बिल्स’ने संपणारा नमुना ‘बिल्स’च्या पुढे प्रश्नचिन्ह आणि ‘पेज=२’ आलं की जुळत नाही. शेवटी तारा द्या. ग्लोबमधल्या प्रश्नचिन्हाचा अर्थ प्लेराइटच्या आवृत्तीप्रमाणे बदललेला आहे, त्यामुळे क्वेरी (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) तपासायची असेल तर ग्लोबच्या वाटेला जाऊ नका. राउटला नमुन्याऐवजी फंक्शन देता येतं. त्याला पूर्ण यूआरएल मिळते, मग पाथ आणि क्वेरी वेगवेगळे तपासा. चार ओळी जास्त लागतात, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळतात.

नमुना ठीक असेल तर सर्व्हिस वर्करकडे, म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये बसणाऱ्या स्क्रिप्टकडे, वळा. ऑफलाइन चालणाऱ्या अॅपमध्ये तो असतोच. रिक्वेस्ट सर्व्हिस वर्करने हाताळली की पेज.राउट ला ती दिसत नाही. कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हिसवर्कर्स’ हा पर्याय ‘ब्लॉक’ करा. पण तुमच्या टीमने एमएसडब्ल्यू लावलं असेल तर थांबा, कारण ते स्वतःच सर्व्हिस वर्कर म्हणून काम करतं. तो ब्लॉक केला तर एमएसडब्ल्यूचे मॉक बंद पडतात. एका टेस्टमध्ये दोन्ही यंत्रणा ठेवू नका, एक निवडा.

रिक्वेस्ट नव्या टॅबमधून जात असेल तर तेही कारण आहे. ‘पावती पहा’वर टिचकी मारली की नवा टॅब उघडतो आणि त्याची पहिली रिक्वेस्ट जुन्या पानावर लावलेल्या राउटला सापडत नाही. राउट पेजवर न लावता कॉन्टेक्स्टवर, म्हणजे सगळ्या टॅबांना सामावणाऱ्या ब्राउझर सत्रावर, लावा.

आणि दोन दिवस ज्यात जातात ते कारण सहसा हे असतं : रिक्वेस्ट ब्राउझरमधून निघतच नाही. नेक्स्ट जेएससारख्या फ्रेमवर्कमध्ये पानाचा डेटा सर्व्हरवर, म्हणजे नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रोसेसमध्ये आणला जातो आणि ब्राउझरकडे तयार एचटीएमएल येतं. ब्राउझरच्या डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब उघडा. तिथे एपीआयची रिक्वेस्ट दिसतच नसेल आणि आकडे मात्र पानावर दिसत असतील, तर रोग हाच. ब्राउझरमध्ये लावलेला कुठलाही सापळा इथे कामाचा नाही. एक्स्प्रेस या नोडच्या फ्रेमवर्कमध्ये पन्नास ओळींचा छोटा सर्व्हर लिहा, जो तुमचीच फिक्स्चर्स परत करेल. अॅपला एपीआयचा पत्ता एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून मिळत असेल तर तिथे या सर्व्हरचा पत्ता भरा. मिळत नसेल तर आधी ती सोय करा, ती पुढेही उपयोगी पडेल. प्लेराइटच्या कॉन्फिगमध्ये ‘वेबसर्व्हर’खाली एकाहून जास्त सर्व्हरांची यादी देता येते, त्यामुळे अॅप आणि हा खोटा सर्व्हर दोन्ही टेस्टसोबत सुरू होतात आणि टेस्टसोबत बंद होतात. सर्व्हर एकच आणि टेस्ट समांतर, असं असेल तर प्रत्येक टेस्टला वेगळा सभासद क्रमांक द्या; नाहीतर एकीने बदललेली अवस्था दुसरीला दिसते.

याउलट तक्रार असेल, म्हणजे रिक्वेस्ट अडते पण पान फिरत राहतं आणि तीस सेकंदांनी टेस्ट मरते, तर हँडलरमधली एखादी वाट फुलफिल, कंटिन्यू, फॉलबॅक, अबॉर्ट यांपैकी काहीच न करता संपते आहे. ‘जर रिक्वेस्टची पद्धत गेट असेल तर फुलफिल’ एवढंच लिहिलं आणि पोस्ट रिक्वेस्ट आली की असं होतं. ‘नाहीतर’ची ओळ लिहा.

आमच्या साडेतीनशे मॉक टेस्ट हिरव्या होत्या, तरी रिलीजनंतर बिलाची रक्कम चुकीची दिसली. मग या टेस्टचा उपयोग काय? — महापे

तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट पाहिले. बिल ४२५० रुपये, विलंब शुल्क ५० रुपये आणि एकूण ४,२५,०५०. जावास्क्रिप्ट येणाऱ्यांना हा आकडा बघताच कारण कळेल. तुमच्या फिक्स्चरमध्ये दोन्ही रकमा संख्या आहेत, म्हणून बेरीज ४३०० येते. बॅकएंडने, म्हणजे सर्व्हरच्या बाजूने, मधल्या काळात रकमा अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून पाठवायला सुरुवात केली. अधिकचं चिन्ह स्ट्रिंगना बेरजेऐवजी एकमेकांना चिकटवतं. साडेतीनशे टेस्ट जुन्या उत्तरावर चालत राहिल्या आणि जुन्या उत्तरापुरत्या त्या बरोबरच होत्या.

रकमा स्ट्रिंगमध्ये पाठवण्यात बॅकएंडचं काही चुकलं नाही, पैशांसाठी ती चांगली सवय आहे. फिक्स्चर आणि खरा करार (सर्व्हर कोणत्या स्वरूपात उत्तर देणार ते) यांना बांधणारा धागा नव्हता, ही खरी अडचण.

तो धागा बांधायचे दोन रस्ते आहेत. बॅकएंडकडे ओपनएपीआयची (एपीआयचा करार लिहिण्याच्या प्रमाणित साच्यातली) स्पेसिफिकेशन फाइल असेल आणि ती कोडमधूनच तयार होत असेल, तर प्रत्येक फिक्स्चर तिच्यातल्या स्कीमावर (उत्तराच्या आराखड्यावर) पडताळून घ्या. एजेव्ही नावाची लायब्ररी हेच करते. ब्राउझर लागत नाही, त्यामुळे हे काम चटकन होतं. पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) ही पायरी ब्राउझर टेस्टच्या आधी ठेवा, म्हणजे कराराबाहेरचं फिक्स्चर घेऊन पुढे कोणी जाणारच नाही. स्कीमात ‘अनोळखी फील्ड चालणार नाही’ ही अट घालायला विसरू नका. ती नसेल तर नाव बदललेलं जुनं फील्ड फिक्स्चरमध्ये बिनबोभाट राहतं. स्पेसिफिकेशन कोणीतरी हाताने लिहून ठेवली असेल तर मात्र तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. तीही फिक्स्चरसारखीच शिळी होते.

दुसरा रस्ता कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंगचा, आणि त्यासाठी पॅक्ट हे साधन वापरात आहे. फ्रंटएंड आपल्याला काय हवं ते लिहून ठेवतो आणि बॅकएंडच्या पाइपलाइनमध्ये ते पडताळलं जातं. बॅकएंडची टीम दुसऱ्या कंपनीत बसत असेल तर हे पचायला जड जातं, कारण त्यांच्या पाइपलाइनमध्ये तुमची पायरी घालायला त्यांची तयारी लागते. एकाच मजल्यावर बसत असाल तर जरूर करा.

मॉक टेस्टला कधीच न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कॉर्स : एका डोमेनवरच्या पानाला दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचू द्यायचं का, हे ठरवणारा ब्राउझरचा नियम. खोटं उत्तर खऱ्या सर्व्हरकडून येतच नाही, त्यामुळे त्या सर्व्हरवरची कॉर्सची मांडणी बिघडली तरी टेस्ट हिरवीच राहणार. कुकी कोणत्या डोमेनवर पडते, गेटवे किती सेकंदांनी कनेक्शन तोडतो, हेही तसंच. यासाठीच पहिल्या उत्तरातल्या रात्रीच्या पाच-दहा टेस्ट.

यूपीआयने पैसे भरताना आमचं पान दर पाच सेकंदांनी स्टेटस विचारतं, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर ‘वेळ संपली’ दाखवतं. ही टेस्ट खरोखर पाच मिनिटं चालवायची का? — घोडबंदर रोड

नाही. घड्याळही मॉक करता येतं. प्लेराइटच्या १.४५ आवृत्तीपासून पेज.क्लॉक आहे. पान उघडण्याआधी क्लॉक.इन्स्टॉल करा. त्यानंतर पानातली तारीख, सेटटाइमआउट आणि सेटइंटरव्हल तुमच्या ताब्यात येतात.

इथे दोन फंक्शनांत गल्लत होते. फास्टफॉरवर्ड वेळ पुढे ढकलतं, पण मधल्या काळात देय झालेला प्रत्येक टायमर फार तर एकदाच वाजवतं. लॅपटॉपचं झाकण लावून पाच मिनिटांनी उघडावं, तसं. रनफॉर मात्र मधले सगळे ठोके वाजवतं. दर पाच सेकंदांनी विचारणा होते का, हे बघायचं तर रनफॉर. पाच मिनिटं उलटल्यावर ‘वेळ संपली’ येतं का, एवढंच बघायचं तर फास्टफॉरवर्ड पुरे. खरं तर दोन्ही टेस्ट लिहा, कारण यूपीआयच्या अॅपमध्ये जाऊन परत येणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर मागचं पान झोपलेलंच असतं. सेटफिक्स्डटाइम इथे वापरू नका. त्याने तारीख गोठते आणि शिल्लक वेळ ‘आत्ताच्या वेळे’वरून मोजणारा काउंटर जागचा हलत नाही.

आता स्टेटसचं उत्तर. ‘पहिल्या दोन वेळा प्रलंबित, तिसऱ्यांदा यशस्वी’ अशी मोजणी हँडलरमध्ये घालण्याचा मोह होतो. तो टाळा. रिअॅक्टच्या स्ट्रिक्ट मोडमध्ये डेव्हलपमेंट बिल्डवर इफेक्ट (घटक पडद्यावर आल्यावर चालणारा कोड) दोनदा चालतो. एक रिक्वेस्ट जादा सुटते आणि मोजणी एका घराने सरकते. त्यापेक्षा टेस्टमध्ये ‘स्थिती’ नावाचा एक व्हेरिएबल ठेवा आणि हँडलरने दर वेळी त्यातली चालू किंमत परत करावी. आधी ‘प्रलंबित’ ठेवून पडद्यावर ‘पेमेंटची वाट पाहत आहोत’ दिसतं का ते तपासा. मग स्थिती ‘यशस्वी’ करा, रनफॉरने पाच सेकंद पुढे जा आणि पावती तपासा. रिक्वेस्ट किती सुटल्या याच्याशी मग टेस्टला देणंघेणं उरत नाही.

तीन अवस्था सहसा राहून जातात. वेळ संपल्यावर उशिरा आलेलं ‘यशस्वी’. मधल्याच एका विचारणीला आलेला ५०३, ज्याने पान ‘पेमेंट फेल’ म्हणायला नको, कारण पैसे कदाचित कापले गेले असतील. आणि ‘भरा’ या बटणावरची दुहेरी टिचकी. शेवटच्या अवस्थेसाठी पेमेंट सुरू करणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टचं उत्तर हँडलरमध्ये दोन सेकंद रोखून धरा. तेवढ्यात बटण निष्क्रिय झालं आहे आणि पोस्ट एकच गेली आहे, हे तपासा. इथे मात्र मोजणी हवीच.

पैसे दोनदा कापले जाणार नाहीत याची हमी यातून मिळत नाही. ते काम बॅकएंडचं, आणि त्याची चाचणी पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडमध्येच करायची.

माझ्या लॅपटॉपवर टेस्ट हिरवी, पाइपलाइनमध्ये लाल. मॉक तोच, कोड तोच. चूक नेहमी तारखेची किंवा आकड्यांची असते. एकदा तर दोन्ही बाजूंचा मराठी मजकूर अगदी सारखा दिसत होता, तरी टेस्ट फेल! — नेरूळ

तारखेपासून सुरुवात करू. पाइपलाइनची यंत्रं बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, आपण साडेपाच तास पुढे. फिक्स्चरमध्ये भरणा ३१ मार्च २०२५, यूटीसीच्या रात्री ८ वाजता झाला असेल, तर लॅपटॉपवर तो १ एप्रिलच्या पहाटेचा दीड दिसेल आणि पाइपलाइनमध्ये ३१ मार्च. आर्थिक वर्षच बदललं! कॉन्फिगमध्ये टाइमझोनआयडी ‘एशिया/कोलकाता’ द्या. पण हा पर्याय फक्त ब्राउझरला लागू होतो. अपेक्षित तारीख तुम्ही टेस्टच्या कोडमध्ये ‘न्यू डेट’ करून काढत असाल तर ते गणित नोडमध्ये, त्या यंत्राच्या वेळेत होतं. अपेक्षित उत्तर म्हणून सरळ ‘१ एप्रिल २०२५’ ही अक्षरं लिहा. अॅपचंच गणित टेस्टमध्ये पुन्हा मांडलं तर दोघं मिळून चुकतात आणि टेस्ट हिरवी राहते.

आकड्यांचं असं, की लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) दिलं नाही तर प्लेराइट अमेरिकी इंग्रजी धरतो. मग एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न ‘१२३,४५६’ असे तीन-तीनच्या गटांत छापले जातात. भारतीय इंग्रजी लोकेल दिलं की ‘१,२३,४५६’. मराठी लोकेल दिलं तर स्वल्पविराम तिथेच, पण अंकही देवनागरी होतात. अॅपमध्ये नेमकं काय हवं ते ठरवा आणि ते लोकेल कॉन्फिगमध्ये लिहून टाका.

सारख्या दिसणाऱ्या मजकुराचा प्रश्न खास आपला आहे. ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ हे शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो : ‘ऱ’ हे एकसंध अक्षर वापरून, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता देऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही एकच दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द. अनुवादाची फाइल एका कीबोर्डवर टाइप झाली आणि फिक्स्चर दुसऱ्यावर, की हे होतं. जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात, तिसरी तशीच राहते. खात्री करायची तर दोन्ही स्ट्रिंगमधल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून बघा.

टेस्टमध्येच नॉर्मलाइझ करून मोकळं व्हावंसं वाटेल, पण तसं करू नका. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ शोधपेटीत शोधणाऱ्या माणसालाही हेच भोवणार आहे. तेव्हा अनुवादाच्या फाइली साफ करा, आणि सर्व्हरवर नोंद घेताना व शोधताना दोन्हीकडे एकच तऱ्हा पाळा. अशा वेळी टेस्टने खरा दोष पकडलेला असतो.

स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्टही याच वळणावर अडखळतात. यंत्रावर फॉन्ट वेगळा असला की देवनागरीची उंची बदलते आणि ओळी दुसरीकडे मोडतात. मूळ चित्र लॅपटॉपवर काढून पाइपलाइनमध्ये जुळवू नका. दोन्ही एकाच डॉकर इमेजमध्ये (कुठेही जशीच्या तशी चालणाऱ्या तयार यंत्रणेत) काढा आणि फॉन्ट अॅपसोबतच द्या.

मॉक हाताने लिहिण्यापेक्षा खरी उत्तरं रेकॉर्ड करून वापरली तर? — सीबीडी बेलापूर

चालतं. राउटफ्रॉमहार ला ‘अपडेट’ पर्याय देऊन टेस्ट एकदा चालवली की खरी उत्तरं हार फाइलीत (नेटवर्कवरच्या रिक्वेस्ट आणि उत्तरांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत) जमा होतात, मग पर्याय काढला की तीच परत मिळतात. एपीआयचा नमुना द्यायला विसरू नका, नाहीतर चित्रं आणि फॉन्टही त्यात भरले जातात. जुळवणी कडक असते : पत्ता आणि पद्धत तर जुळायला हवीच, शिवाय पोस्टमध्ये पाठवलेला मजकूरही तंतोतंत लागतो. त्या मजकुरात चालू वेळ किंवा यादृच्छिक क्रमांक असेल तर दुसऱ्या खेपेला जुळणी होत नाही आणि रिक्वेस्ट अबॉर्ट होते.

फाइल गिटमध्ये (टीमच्या कोडच्या साठ्यात) टाकण्याआधी ती एडिटरमध्ये उघडून ‘ऑथोरायझेशन’ आणि ‘कुकी’ हे शब्द शोधा. लॉगिनचे टोकन जसेच्या तसे पडलेले सापडतील. सभासदांची नावं, मोबाइल नंबर, फ्लॅट क्रमांकही असतील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे; त्याआधीही हा डेटा रिपॉझिटरीत ठेवणं शहाणपणाचं नव्हतंच. रेकॉर्डिंग नेहमी बनावट सभासदांच्या खात्यावर करा.

आमचं मत विचाराल तर पहिल्या आठवड्यासाठी हार, नंतर हाताने लिहिलेली फिक्स्चर्स. हजार ओळींच्या रेकॉर्डिंगमध्ये टेस्टला हव्या असलेल्या तीन ओळी कुठल्या, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

क्लिकनंतर तीन सेकंद थांबलं की टेस्ट पास होते, नाहीतर कधी होते, कधी नाही. — कळवा

तीन सेकंद काढून टाका. मॉक उत्तर जवळपास तत्काळ येतं, मग थांबायचं कशासाठी? बहुतेक वेळा वाट बघण्याचा क्रम चुकलेला असतो. आधी क्लिक आणि नंतर वेटफॉररिस्पॉन्स लिहिलं, तर कान लावेपर्यंत उत्तर येऊन गेलेलं असतं. मॉक जितका वेगवान तितकं हे जास्त. वेटफॉररिस्पॉन्सचं प्रॉमिस क्लिकच्या आधी तयार करून ठेवा, अवेट क्लिकनंतर करा. त्याहून बरं म्हणजे नेटवर्कची वाट बघूच नका, पडद्यावर जे दिसायला हवं त्याची बघा. एक्स्पेक्ट हे तपासणीचं फंक्शन पाच सेकंदांपर्यंत स्वतःच पुन्हापुन्हा तपासतं. फक्त त्याच्यापुढचं अवेट राहिलं नाही ना, ते बघा. सायप्रसमध्ये हीच मुदत चार सेकंदांची आहे.

गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेटवर्क जातं आणि आमचं अॅप नुसतं फिरत बसतं. हे टेस्टमध्ये कसं आणायचं? — दिवा

‘नेटवर्क गेलं’ याचे दोन प्रकार आहेत आणि अॅप दोन्हींत वेगळं वागतं. फोनला कळलेलं असतं की नेट नाही, तेव्हा कॉन्टेक्स्ट.सेटऑफलाइन. फोन सिग्नलच्या कांड्या दाखवतो, पण रिक्वेस्टचं उत्तरच येत नाही, हा दुसरा प्रकार बोगद्याच्या तोंडाशी आणि लिफ्टमध्ये नेहमीचा. त्यासाठी हँडलरला मुद्दाम काहीच करू देऊ नका. वागळे इस्टेटच्या उत्तरात जी चूक म्हटली, तीच इथे युक्ती. तुमच्या कोडमध्ये रिक्वेस्टला स्वतःची कालमर्यादा नसेल, तर चक्र फिरतच राहील. ब्राउझरचं फेच आपणहून लवकर हार मानत नाही, त्याला अबॉर्टसिग्नल.टाइमआउट द्यावा लागतो. १० सेकंद द्या, टेस्टमध्ये ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण दिसेपर्यंत थांबा, आणि त्यासाठी या एका एक्स्पेक्टची मुदत १५ सेकंद करा. पेज.क्लॉकने हे दहा सेकंद पळवायला जाऊ नका. अबॉर्टसिग्नलचा टायमर ब्राउझरच्या आत असतो, खोट्या घड्याळाचं तो ऐकत नाही. बटण दिसलं की पेज.अनराउट करून चांगलं उत्तर देणारा राउट लावा, बटण दाबा आणि यादी आलेली तपासा.

एमएसडब्ल्यू लॅपटॉपवर चालतं, पण त्याच वाय-फायवर मोबाइलमधून आयपी पत्ता टाकून उघडलं की मॉक गायब. — खारघर

सर्व्हिस वर्कर फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालतो. साध्या आयपी पत्त्यावर ब्राउझर त्याची नोंदणीच करू देत नाही. मोबाइल अँड्रॉइड असेल तर यूएसबीने जोडा आणि लॅपटॉपवरच्या क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर पोर्ट फॉरवर्डिंग लावा. मोबाइलवरही पत्ता लोकलहोस्टच होतो. आयफोनसाठी डेव्ह सर्व्हरला स्थानिक सर्टिफिकेट द्यावं लागेल आणि ते फोनच्या सेटिंगमध्ये विश्वासार्ह म्हणून नोंदवावं लागेल.